माथाडी कायदा आणि ॲपवरचे काम

एका कामगाराला एकच मालक असतो, हे गृहीत धरून भारतातील बहुतेक कामगार कायदे रचले गेले. त्यामुळे ॲपवरून सुटी कामे घेणारा भाषांतरकार किंवा घरोघरी पार्सले पोहोचवणारा तरुण आज ज्या कायदेशीर पोकळीत सापडला आहे, ती इंटरनेटनेच निर्माण केली, असा समज रूढ झाला आहे. मुंबईच्या घाऊक बाजारांचा इतिहास या समजाला दुजोरा देत नाही. मस्जिद बंदर, दाणाबंदर या भागांत सातारा, पुणे अशा जिल्ह्यांतून आलेले माथाडी, म्हणजे डोक्यावरून वा पाठीवरून ओझी वाहणारे कामगार, सकाळी एका व्यापाऱ्याची पोती उतरवत आणि दुपारी दुसऱ्याच्या गोदामात थप्पी लावत. मजुरी नगावर किंवा वजनावर ठरे, कोणत्याही पेढीच्या हजेरीपटावर त्यांचे नाव नसे आणि पोत्याखाली कंबर मोडली, तर भरपाई कोणाकडे मागायची हे कोणालाच सांगता येत नसे.

अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांसाठीचा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आला. या ‘असंरक्षित’ कामगारांसाठी एकेक कायम मालक शोधण्याच्या खटाटोपात तो पडला नाही, हेच त्याचे खरे मोठेपण होय. शासन, व्यापारी आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ स्थापून त्याने व्यापाऱ्यांना ‘नोंदीत मालक’ आणि टोळ्यांमधील हमालांना ‘नोंदीत कामगार’ ठरवले. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर टक्केवारीने आकारलेली लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने मजुरी कामगाराला चुकती करायची आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी रजा व औषधोपचार यांची तरतूद करायची, अशी ही व्यवस्था होती. दिवसभरात चार पेढ्यांचा माल उचलला, तरी हमालाचे खाते एकच राहिले.

संगणकावरील सुट्या कामांचा जागतिक बाजार १९९९ मधील ईलान्स आणि २००३ मधील ओडेस्क या कंपन्यांपासून आकाराला आला. त्या पुढे एकत्र येऊन २०१५ मध्ये अपवर्क झाल्या. भारतात २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘गिग कामगार’, म्हणजे पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेर काम करून कमावणारी व्यक्ती, ही व्याख्या प्रथमच केली. राजस्थानच्या २०२३ च्या कायद्याने तर नोंदणी, कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क ही माथाडी कायद्याच्या जातकुळीतली रचनाच उचलली. हिशेबाच्या दृष्टीने हे काम आता सोपे आहे, कारण बाजारात पोती मोजून जी नोंद ठेवावी लागे, ती ॲपमध्ये आपोआप उमटते. संघटनेची बाब मात्र बिकट आहे. टोळीतले हमाल एकाच गल्लीत उभे असत आणि त्यांनी काम थांबवले की बाजार ठप्प होई. परदेशी ग्राहकाच्या कामासाठी बोली लावणाऱ्या पुण्यातील भाषांतरकाराला आपल्यापेक्षा कमी दर कोणी सांगितला हेही अनेकदा कळत नाही, आणि त्या ग्राहकाकडून लेव्ही वसूल करण्याइतका राज्याच्या कायद्याचा हात अद्याप लांब नाही.