गर्भाशयमुखाचा कर्करोग: जनुकांच्या कारभारातील बिघाड

गर्भाशयमुखाचा कर्करोग अचानक उद्भवत नाही. मानवी पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजेच एचपीव्हीचा संसर्ग आणि प्रत्यक्ष कर्करोग यांमध्ये बहुधा दहा ते वीस वर्षे जातात. बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरातून हा विषाणू दोनेक वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात तो ठाण मांडतो, त्यांच्या पेशींत कोणती जनुके जागी राहावीत आणि कोणती निद्रिस्त, हा क्रमच हळूहळू बदलतो.

जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३ व १९८४ मध्ये या कर्करोगाच्या पेशींत एचपीव्हीचे १६ व १८ हे प्रकार शोधले. जगातील सुमारे ७० टक्के रुग्णांत हेच दोन प्रकार कारणीभूत असतात. या शोधासाठी त्यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

विषाणूची ई-६ आणि ई-७ ही दोन जनुके येथे मुख्य ठरतात. एरवी विषाणूचेच ई-२ हे जनुक त्यांना आवरून धरते. परंतु विषाणूचा डीएनए तुटून मानवी गुणसूत्रात शिरला, की बहुधा ई-२ निकामी होते आणि या जोडगोळीला मोकळे रान मिळते. ई-६ प्रथिन पेशीचा रखवालदार असलेल्या पी-५३ या प्रथिनाचा नाश घडवते, तर ई-७ पेशीविभाजनाला अटकाव करणाऱ्या आरबी प्रथिनाला निष्प्रभ करते. आरबीचा धाक संपताच विभाजनाची अनेक जनुके एकदम कार्यरत होतात. गंमत अशी, की ब्रेकचे काम करणारे पी-१६ हे प्रथिनही या पेशींत भरमसाट तयार होते. पण ज्या आरबीमार्फत हा ब्रेक लागायचा, तेच निकामी झालेले असते. पी-१६ चा हा अतिरेक तुकडातपासणीत रोगनिदानाची खूण म्हणून वापरला जातो.

एवढ्याने पेशी आक्रमक होत नाहीत. अस्तरातील पेशींना एकमेकींशी जखडणारे ई-कॅडहेरिन घटते, भोवतालच्या ऊतीचे धागे विरघळवणारी एमएमपी विकरे वाढतात आणि अस्तराखालचा पातळ पडदा भेदला जातो. येथून पुढे रोगाला कर्करोग म्हणतात. तोवरच्या अवस्था कर्कपूर्व असतात आणि त्यांवर सोपे उपचार शक्य असतात.

पेशी कितीही बिघडल्या, तरी त्यांचे ई-६ व ई-७ वरील अवलंबन सुटत नाही. १९५१ पासून प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या हेला पेशींत ई-२ पुन्हा सोडल्यावर ही जनुके दबली आणि अनेक दशके अखंड चाललेले विभाजन थांबले.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ लस जानेवारी २०२३ मध्ये सादर झाली. अशा लशी विषाणूच्या बाह्य कवचाविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण करतात. बिघडलेल्या पेशींत मात्र हे कवच सहसा तयारच होत नाही, तेथे ई-६ व ई-७ चे राज्य असते. लस मुलींना संसर्गापूर्वीच द्यावी लागते, ती यामुळेच.

प्रौढ स्त्रियांपुढे तपासणीचा मार्ग उरतो. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातील सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या गटाला एचपीव्ही चाचणी एकदाच देऊ केली गेली, त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू, तपासणीविना राहिलेल्या गटाच्या तुलनेत, जवळपास निम्म्यावर आले.