बहात्तर वर्षांची गोळी

सोलापूरची म्हणून जगाला दोनच गोष्टी ठाऊक : चादर आणि शेंगाचटणी. तिसरी सांगायला जावे तर पाहुणे आपल्याकडे जरा संशयाने पाहतात. ती म्हणजे अमाइन. सोलापूरहून तुळजापूरला जाताना तामलवाडीला बालाजी अमाइन्सचा कारखाना लागतो. कंपनी 1988 सालची. तिथे निघणाऱ्या मालात एक डायमिथिलअमाइन. नाव स्तोत्रातल्यासारखे, वास मासळीबाजारातला! त्याचा हायड्रोक्लोराइड क्षार डायसायनडायअमाइडबरोबर तापवला की मेटफॉर्मिन तयार होते. म्हणजे आपल्या गल्लीतली निम्मी वडीलधारी मंडळी जेवणाबरोबर घेतात ती मधुमेहाची गोळी. वासाचा थोडा वारसा गोळीतही उतरतो. आमच्या माळकरी आत्याने पहिल्यांदा बाटली उघडली आणि नाकाला पदर लावला. "काय की ओ, बोंबील घातलाय का काय यात?"

मात्र या गोळीचे नशीब आमच्या आत्याच्या जिभेपेक्षाही तिखट. युरोपात गॅलेगा नावाची एक रानटी वनस्पती आहे. तिच्यातला ग्वानिडिनच्या कुळातला पदार्थ साखर उतरवतो. त्याच कुळातले मेटफॉर्मिन 1922 साली डब्लिनच्या वर्नर आणि बेल या रसायनज्ञांनी बनवले, निबंध छापला आणि विषय मिटवला. औषध वगैरे त्यांच्या मनातही नव्हते. 1929 साली जर्मनीत सशांवर प्रयोग झाले, सशांची साखर उतरली. पण 1922 च्याच जानेवारीत टोरांटोत रोग्याला इन्सुलिन टोचले गेले होते. घोड्यावर नवरदेव बसलेला असताना वरातीतल्या बत्तीवाल्याकडे कोण बघणार? पुढे फिलिपीन्सच्या डॉ. गार्सियांनी हे औषध दिले, तेही फ्लूच्या रोग्यांना! अखेर 1957 साली पॅरिसच्या झाँ स्टर्न यांनी ते मधुमेह्यांवर वापरून निष्कर्ष छापले.

आमचे आजोबा गिरणीत कारकून होते. 1951 साली मधुमेहाने त्यांचा पाय गेला. मेटफॉर्मिनने तो वाचला असता असे मी म्हणत नाही. पण ते तेव्हा एकोणतीस वर्षांचे होऊन कपाटात पडले होते, एवढे मात्र मनातून जात नाही.

अमेरिकेने तर आणखीच ताणले. फेनफॉर्मिन नावाच्या चुलतभावाने रक्तात आम्ल वाढवून माणसे दगावली, 1970 च्या दशकात तो बाजारातून हाकलला गेला. एका भावाने कर्ज बुडवले की दुसऱ्याला सोसायटी उभी करत नाही, तसेच झाले. मेटफॉर्मिनला तिथला परवाना मिळाला 1994 च्या डिसेंबरात, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. आमच्याकडे त्या वयात माणसे पेन्शनीच्या रांगेत उभी असतात. ही गोळी त्या वयात नोकरीवर रुजू झाली.