सोंग आणि संगत

बहुरूपी आता फारसे दिसत नाहीत. आमच्या लहानपणी सुगी झाली की ते गावात यायचे. फौजदाराचं सोंग तर इतकं हुबेहूब की चावडीवरची माणसं उठून उभी राहायची. पण त्या सोंगाची दोन पथ्यं होती. एक म्हणजे, गावाला खऱ्या फौजदाराचा धाक माहीत असायला हवा. दुसरं, बहुरूप्यानं वर्षातून एखाददाच यावं. रोज आला तर पोरंटोरंही ओळखणार, आणि पुढे खऱ्या फौजदारालाही कोणी जुमानणार नाही.

निसर्गातली अनुकृती, म्हणजे एका प्राण्यानं दुसऱ्याचं रूप घेणं, याच दोन पथ्यांवर चालते. हे कोणाच्या कसं लक्षात आलं, ती हकीकत मला फार आवडते. कारण ती तीन हौशी माणसांची हकीकत आहे, आणि त्यातल्या दोघांनी आमच्यासारखी मास्तरकी केलेली!

हेन्री बेट्स हा इंग्लंडातल्या लेस्टर गावचा. तेराव्या वर्षी होजिअरीच्या धंद्यात उमेदवारीला लागला. दिवसभर वखारीत राबायचं, रात्री कारागिरांसाठी चालणाऱ्या वर्गांना जायचं, आणि सुटीच्या दिवशी रानात भुंगेरे गोळा करायचे. १८४४ साली त्याच गावात आल्फ्रेड वॉलेस हा एकवीस वर्षांचा तरुण शाळेत शिकवायला आला. दोघांची ओळख झाली. बेट्सनं आपला भुंगेऱ्यांचा संग्रह दाखवला. गावाभोवतीच्या दहा मैलांत भुंगेऱ्यांच्या हजारेक जाती सापडू शकतील, हे ऐकून वॉलेस थक्कच झाला.

चार वर्षांनी, १८४८ मध्ये, ही जोडी ॲमेझॉनच्या जंगलात पोहोचली. पाठीशी ना सरकार, ना विद्यापीठ. कीटक आणि पक्षी गोळा करून इंग्लंडला पाठवायचे, त्यांच्या विक्रीवर गुजराण करायची. वॉलेस १८५२ मध्ये परतला. बेट्स मात्र अकरा वर्षं राहिला.

तिथं त्याला एक गंमत दिसली. काही भडक रंगांची फुलपाखरं थव्यानं अगदी संथ उडायची, आणि तरी पक्षी त्यांच्या वाटेला जात नसत. त्यांच्या थव्यात मधूनच एखादं वेगळ्याच कुळातलं फुलपाखरू निघे, पण दिसायला तंतोतंत तसंच! हातात घेतल्याशिवाय फरक कळत नसे. बेट्सनं १८६२ मध्ये याचा अर्थ प्रसिद्ध केला. संथ उडणारी फुलपाखरं पक्ष्यांना बेचव लागतात. दुसरी चवीला चांगली, पण बेचव फुलपाखरांच्या वेषामुळे वाचतात. ज्यांचा वेष अधिक जमला ती जगली, आणि पिढ्यान्‌पिढ्या साम्य वाढत गेलं. डार्विनचा ग्रंथ येऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. त्याच्या सिद्धांताला हा मोठा पुरावा मिळाला.

पण एक कोडं उरलं. दोन्ही जाती बेचव असतील तरी त्या एकमेकींसारख्या का दिसतात? इथं दुसरे मास्तर येतात. फ्रिट्झ म्युलर हा जर्मन माणूस १८५२ मध्ये ब्राझीलला स्थायिक झाला. तिथल्या शाळेत त्यानं काही वर्षं गणित शिकवलं. १८७९ मध्ये त्यानं हे कोडं चक्क त्रैराशिकानं सोडवलं.

समजा, एका जातीची १०,००० फुलपाखरं आहेत आणि दुसरीची २,०००. 'हे खायचं नाही' हा धडा शिकेपर्यंत पक्षी १,२०० फुलपाखरं मारतात. वेष वेगळे असतील तर दोन्ही जातींना प्रत्येकी १,२०० गमवावी लागतील. वेष एकच असेल तर हे १,२०० दोघींत वाटले जातील, मोठीची १,००० आणि लहानीची २००. म्हणजे मोठी जात २०० वाचवते, शेकडा दोन. लहान जात १,००० वाचवते, शेकडा पन्नास! तोटा कोणाचाच नाही.

हे गणित मला आमच्या टेकडीवर उपयोगी पडलं. तिथं निसर्गरक्षणाचं काम करणारे दोन गट होते. आमचा चाळीस जणांचा, पलीकडच्या उतारावरचा आठ जणांचा. गवत पेटवू नका, वेली तण म्हणून उपटू नका, हे फिरायला येणाऱ्यांना दोघंही वेगवेगळं सांगायचे. फलक वेगळे, टोप्या वेगळ्या. ते आठ जण पार दमले होते, काम बंद करायच्या बेतात होते. त्यांच्यातल्या एक काकू आमच्या बैठकीत येऊन म्हणाल्या, "आम्हाला तुमच्यात घ्याल का?" आमच्यातले काही म्हणाले, "पण आपल्याला काय मिळणार?"

मी म्युलरचा हिशेब मांडला. शिवाय आठ जण म्हणजे थोडे नव्हेत. मुंबईत १८८३ साली 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' सुरू केली ती आठ जणांनीच, आणि त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोघे होते.

दुसरं असं की सापसंदाचे वेल त्यांच्याच उतारावर आहेत. 'कॉमन रोझ' फुलपाखराची अळी ते विषारी वेल खाऊन स्वतः बेचव होते. आपल्या कढीपत्त्यावर वाढणारं 'कॉमन मॉरमॉन' मात्र बिनविषारी. त्याच्या काही माद्या हुबेहूब कॉमन रोझसारख्या दिसतात. त्या वेगळ्या जाती नसून एकाच जातीची रूपं आहेत हे १८६५ मध्ये वॉलेसनंच दाखवलं. आणि कोणतं जनुक हे सोंग चढवतं, ते २०१४ मध्ये आपल्या कृष्णमेघ कुंटे यांनी सहकाऱ्यांसह शोधलं. वेल गेले की कॉमन रोझ जाणार, मग मॉरमॉनच्या सोंगाला किंमत काय? खोटं नाणं चालतं ते खरं नाणं बाजारात असेपर्यंतच.

५ जूनला फक्त फोटोपुरती टोपी घालणारेही आमच्यात आहेत. चार-दोन असले तर माझी तक्रार नाही. त्यांची गर्दी झाली, तर उन्हाळाभर झाडांना पाणी घालणाऱ्यांची पतही जायची. हे मी बैठकीत बोललो, तेव्हा दोघं-तिघं हसले आणि दोघं-तिघं गप्प बसले. असो.

शेवटी दोन्ही गट एक झाले. टोपी एक, फलक एक, आणि सापसंदाच्या वेलांची राखण काकूंकडे.

मंडळी, तुमच्या कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर लगेच झटकू नका. नीट बघा, मॉरमॉनची लहान अळी असेल. तिनं आत्तापासूनच सोंग घेतलेलं असतं! फोडणीला दुसऱ्या डहाळीची पानं घ्या.