संपर्कयादीचे स्थलांतर (ई-मेल मार्केटिंग)

ई-मेल मार्केटिंगच्या एका सेवेत साठवलेली ग्राहकांची किंवा वर्गणीदारांची माहिती दुसऱ्या सेवेत नेण्याची प्रक्रिया. या माहितीत ई-मेल पत्ते, नावे, फोन क्रमांक, गटवारीचे टॅग आणि खरेदीच्या नोंदी येतात. प्रत्येक व्यक्तीने मेल घ्यायला कधी व कशी संमती दिली, किंवा ती कधी काढून घेतली, याची नोंदही तिच्यातच असते, आणि स्थलांतर नीट झाले की नाही हे मुख्यतः या नोंदीवर ठरते. एखादा पत्ता चुकला तर एक मेल पोहोचत नाही. नकाराची नोंद हरवली तर ज्याने स्पष्ट शब्दांत नको म्हटले होते त्यालाच पुन्हा मेल जाऊ लागतात. प्रत्यक्षात मात्र सगळी मेहनत पत्ते हलवण्यावर खर्च होते आणि नकाराची यादी अनेकदा मागेच राहते.

कारणे. बहुतेक सेवा यादीतील संपर्कांच्या संख्येवर शुल्क घेतात, त्यामुळे यादी वाढली की खर्च चढतो आणि व्यावसायिक स्वस्त पर्याय शोधू लागतो. कधी दोन सेवांमधली जोडणी तुटते. मार्च २०१९मध्ये मेलचिंप ही मेलसेवा आणि ऑनलाइन दुकानांची सोय देणारी शॉपिफाय या कंपन्यांचे ग्राहकांच्या डेटाच्या देवाणघेवाणीवरून फाटले आणि मेलचिंपची जोडणी शॉपिफायच्या ॲप दालनातून निघून गेली. मेल नको म्हणणाऱ्यांच्या नोंदी दुकानदारांच्या खात्याशी जुळवल्या जात नाहीत, हा शॉपिफायच्या तक्रारीतला एक मुद्दा होता. दोघांत पुढे २०२१मध्ये समेट झाला, पण मधल्या काळात असंख्य छोट्या दुकानदारांना एक तर मधला दुवा शोधावा लागला किंवा सेवाच बदलावी लागली.

सर्वांत निकडीचे कारण म्हणजे सेवा बंद पडणे. गूगलने २००७मध्ये विकत घेतलेल्या फीडबर्नरमधील ई-मेल वर्गणीची सोय जुलै २०२१मध्ये थांबली आणि वापरणाऱ्यांना आपापली वर्गणीदारांची यादी उतरवून घ्यायला सांगण्यात आले. नेदरलँड्समध्ये सुरू झालेली रेव्ह्यू ही सेवा ट्विटरने जानेवारी २०२१मध्ये घेतली आणि १८ जानेवारी २०२३ रोजी बंद केली. टायनीलेटर ही सेवा २०१० साली सुरू झाली, २०११मध्ये मेलचिंपकडे गेली आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी मिटली. या तिन्ही सेवा वापरणाऱ्यांत बरेच एकटेदुकटे लेखक आणि हौशी संपादक होते. वर्षानुवर्षे एकेक करून जमवलेला वाचक त्यांना थोड्याच अवधीत उचलून न्यावा लागला. आपली यादी ठराविक काळाने उतरवून स्वतःपाशी ठेवणे हा या क्षेत्रातला पहिला धडा आहे, आणि तो सेवा बदलायची नसली तरीही लागू पडतो.

फाइल. यादी बहुधा सीएसव्ही स्वरूपात उतरवली जाते: साधा मजकूर, एका ओळीत एक व्यक्ती, रकान्यांमध्ये स्वल्पविराम. हे स्वरूप जुने आहे. त्याचे वर्णन करणारा आरएफसी ४१८० हा दस्तऐवज ऑक्टोबर २००५चा असला तरी प्रत्येक सेवा आपल्या थोड्याफार फरकानेच फाइल देते. मेलचिंपमधून यादी उतरवली की एका झिप फाइलमध्ये वर्गणीदार, वर्गणी सोडलेले आणि बाउन्स होऊन बाद झालेले अशा वेगवेगळ्या फाइली मिळतात. संमतीची वेळ आणि संमती ज्या आयपी पत्त्यावरून आली तो पत्ता यांचेही रकाने त्यात असतात. हे रकाने अडगळ समजून उडवले जातात, आणि ही चूक पुढे महागात पडते, कारण उद्या कोणी तक्रार केली तर संमतीचा पुरावा म्हणून दाखवायला तेवढेच हातात उरते. स्वयंचलित मेलमालिका, मेलचे साचे, नोंदणीचे फॉर्म आणि कोणी कोणता मेल उघडला याचा इतिहास सहसा या फाइलीत येत नाही. त्यांतले जे हवे असेल ते नव्या जागी हाताने पुन्हा उभे करावे लागते.

मराठी नावे आणि एक्सेल. देवनागरीतील नावे असलेली यादी हलवताना जे अडथळे येतात त्यांचा उल्लेख इंग्रजी मार्गदर्शिकांत क्वचितच सापडतो. युटीएफ-८ संकेतनातली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट दोनदा क्लिक करून उघडली, की सुरुवातीला संकेतन ओळखवणारे बीओएम हे चिन्ह नसल्यास एक्सेल ती दुसऱ्याच संकेतनात वाचू शकते आणि सगळी नावे अगम्य रोमन चिन्हांची रांग होऊन बसतात. मूळ फाइल तोवर शाबूत असते, पण तशाच अवस्थेत ती सेव्ह केली की नुकसान कायमचे होते. म्हणून फाइल डेटा आयात करण्याच्या मार्गाने, संकेतन निवडूनच उघडावी, आणि मूळ प्रत हात न लावता वेगळी ठेवावी.

जुन्या प्रकाशनसंस्था, नियतकालिके आणि ग्रंथविक्रेत्यांच्या याद्यांत याहून अवघड प्रश्न असतो. युनिकोड रुळण्यापूर्वी टंकलेखन श्रीलिपी, आकृती, कृतीदेव यांसारख्या फॉन्टवर आधारलेल्या पद्धतींत होत असे. अशा नोंदी पडद्यावर मराठी दिसल्या तरी आत रोमन अक्षरांचे संकेत असतात. त्या नव्या सेवेत टाकण्याआधी परिवर्तकातून काढून युनिकोडमध्ये आणाव्या लागतात, आणि त्यानंतर जोडाक्षरे डोळ्यांनी तपासण्याला पर्याय नसतो. युनिकोडमध्येही एक बारीक खाच आहे. कुऱ्हाडे, गोऱ्हे, बिऱ्हाडे यांसारख्या आडनावांतला 'ऱ्' दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो आणि दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. एक्सेल किंवा मेलसेवा मात्र त्यांना दोन निराळी नावे मानते. नावावरून शोध घेतला किंवा दुबार नोंदी गाळल्या की याचा फटका बसतो. यासाठी दुबार नोंद नेहमी ई-मेल पत्त्यावरून ओळखावी.

नावाचा रकाना हा वेगळा विषय आहे. परदेशी सेवा बहुधा पहिले नाव आणि आडनाव असे दोनच रकाने देतात. आपल्याकडच्या याद्या शाळेच्या हजेरीपासून सभासदांच्या नोंदवहीपर्यंत आडनाव, नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव या क्रमाने लिहिल्या जातात. तो क्रम तसाच नव्या रकान्यांत ओतला की हजारो लोकांना 'नमस्कार कुलकर्णी' असा मेल जातो. नाव बरोबर जागी पडले तरी सत्तरीच्या वाचकाला नुसते 'नमस्कार सुनंदा' मराठी कानाला खटकते. स्थलांतराच्या वेळीच संबोधनाचा एक वेगळा रकाना तयार करावा आणि त्यात ताई, काका, सर, श्री. असे जे शोभेल ते भरावे. यादी शे-दोनशेंची असेल तर हे एका दुपारचे काम आहे, आणि ते करण्याजोगे आहे.

तारखा आणि फोन क्रमांकही असेच बिघडतात. ०५/०७/२०२१ ही भारतात ५ जुलै असते, अमेरिकी मांडणीची सेवा तिला ७ मे समजते. वाढदिवसाच्या शुभेच्छा किंवा वर्गणी संपण्याची सूचना त्यामुळे भलत्याच दिवशी जाते. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिली की घोळ मिटतो. देशाच्या ९१ या अंकांसह लिहिलेला बारा अंकी मोबाइल क्रमांक एक्सेल मोठी संख्या समजून घातांकी रूपात आखडते, आणि सीएसव्ही पुन्हा सेव्ह होताना शेवटचे अंक जातात. हा रकाना आधीच मजकूर म्हणून घोषित करावा लागतो.

नकारांची यादी. वर्गणी सोडलेले, मेल स्पॅम म्हणून नोंदवणारे आणि ज्यांचे पत्ते कायमचे बाद झाले आहेत असे सर्व लोक एका वेगळ्या यादीत येतात. या क्षेत्रात तिला सप्रेशन लिस्ट म्हणतात. नव्या सेवेत ती सर्वांत आधी चढवावी आणि मगच चालू वर्गणीदारांची फाइल टाकावी, म्हणजे एखादा पत्ता चुकून दोन्हीकडे असला तरी नकार वरचढ ठरतो. अनेक जण हे टाळतात. काही सेवा वर्गणी सोडलेल्यांनाही संपर्कसंख्येत धरून पैसे लावतात, म्हणून ती फाइल मागे ठेवण्याचा मोह होतो. काही महिन्यांनी जुन्या बिलांतून किंवा दुकानाच्या नोंदींतून तेच पत्ते पुन्हा यादीत शिरतात आणि या वेळी त्यांना अडवणारे काही नसते. पैसे वाचवायचेच तर वर्षानुवर्षे प्रतिसाद नसलेले वर्गणीदार कमी करावेत. नकाराची नोंद मात्र टाकून देण्याजोगी नाही, ती त्या माणसाने दिलेली सूचना आहे.

प्रतिसाद नसलेले लोक ओळखणेही आता पूर्वीइतके सोपे नाही. सप्टेंबर २०२१पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची जी सोय आली, ती चालू असेल तर मेलमधली चित्रे माणसाने मेल उघडण्याआधीच पार्श्वभूमीत उतरवली जातात. मेल उघडल्याची मोजणी चित्र उतरण्यावरूनच होत असल्याने न वाचलेला मेलही उघडल्याचे दिसते. म्हणून मेल उघडण्यापेक्षा दुव्यावरचा क्लिक, उत्तर किंवा खरेदी हे निकष भरवशाचे. फार जुने पत्ते तर धोक्याचेच असतात. सोडून दिलेले काही पत्ते स्पॅम पकडण्याचे सापळे म्हणून पुन्हा चालू केले जातात आणि अशा पत्त्यावर गेलेला मेल पाठवणाऱ्याची पत घसरवतो. विकत आणलेली यादी नव्या सेवेत टाकू नये, हे वेगळे सांगायला हवे असे नाही. बहुतेक सेवांच्या अटींत तिला मनाईच असते.

डोमेन आणि पत. मेल इनबॉक्समध्ये जाईल की स्पॅममध्ये, हे पाठवणाऱ्या सर्व्हरच्या आणि डोमेनच्या लौकिकावर ठरते. ऑक्टोबर २०२३मध्ये गूगल आणि याहू यांनी नवे नियम जाहीर केले आणि ते फेब्रुवारी २०२४पासून लागू झाले. जीमेलच्या नियमांनुसार दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक मेल पाठवणाऱ्याच्या डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या तिन्ही नोंदी हव्यात, वर्गणी एका क्लिकमध्ये सोडता यायला हवी आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली राहायला हवे. हजार मेलांमागे तीन माणसे वैतागली की मर्यादा गाठली.

सेवा बदलली की डीकेआयएमची नवी नोंद करावी लागते आणि बहुतेकदा एसपीएफमध्येही फेरफार लागतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे जुन्या एसपीएफ नोंदीशेजारी दुसरी नोंद टाकणे. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन झाल्या की तपासणीच फसते. एकाच नोंदीत जुनी-नवी सगळी नावे भरत गेले तर एका तपासणीत चालणाऱ्या दहा डीएनएस शोधांची मर्यादा ओलांडली जाते. जुन्या सेवेचे नाव काम पूर्ण संपल्यावरच काढावे, त्याआधी नाही.

नव्या सेवेवरून पहिल्याच दिवशी सगळ्या यादीला मेल पाठवणे अंगाशी येते. आधी नियमित प्रतिसाद देणाऱ्या थोड्या लोकांना, मग टप्प्याटप्प्याने बाकीच्यांना पाठवत काही आठवड्यांत पूर्ण संख्येवर जावे. हंगामी व्यवसायांना हे विशेष लागू आहे. पुण्या-मुंबईहून परदेशी फराळ पाठवणारे किंवा दिवाळी अंकांची आगाऊ नोंदणी घेणारे आपला बहुतेक पत्रव्यवहार दसऱ्याच्या आगेमागे करतात. त्यांनी स्थलांतर उन्हाळ्यात किंवा पावसाळ्याच्या सुरुवातीला उरकावे. सप्टेंबरात सेवा बदलून ऑक्टोबरात एकदम सगळी यादी चालवणे म्हणजे वर्षाच्या कमाईचे मेल स्पॅममध्ये ढकलणे.

कायदा. भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित होऊन तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती काढून घेणे सोपे असावे, हे त्याचे तत्त्व आहे. माहिती कशासाठी वापरायची हे जो ठरवतो, जबाबदारी त्याची असते. तिची प्रत्यक्ष साठवण मेलसेवा करीत असली तरी ती जबाबदारी ढकलता येत नाही आणि त्या सेवेशी रीतसर करार लागतो. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. युरोपीय संघात राहणाऱ्या लोकांना माल किंवा सेवा देऊ करणाऱ्यास, मग तो सांगलीत बसलेला का असेना, २५ मे २०१८पासून लागू असलेला जीडीपीआर हा तिथला डेटा संरक्षण कायदा पाळावा लागतो. संमती एका व्यवसायाला दिलेली असते, त्यामुळे मेलसेवा बदलली म्हणून ती पुन्हा मागावी लागतेच असे नाही. मात्र मालक बदलला किंवा उद्देश बदलला तर जुन्या संमतीवर विसंबणे धोक्याचे आहे.

स्थलांतरानंतर. नव्या सेवेत यादी चढवताना स्वागताची स्वयंचलित मालिका बंद ठेवावी, नाहीतर दहा वर्षांच्या वाचकालाही 'आपले स्वागत आहे' असा मेल जातो. संकेतस्थळावरचे फॉर्म, दुकानाचे सॉफ्टवेअर आणि पैसे भरण्याच्या पानांवरील जोडण्या एकेक करून तपासाव्यात. एखादा विसरलेला फॉर्म महिनोन्‌महिने जुन्या खात्यात नावे टाकत राहतो आणि ती माणसे आपल्याला मेल का येत नाही म्हणून वाट पाहत राहतात. दुसरीकडे, जुन्या मेलांतले वर्गणी सोडण्याचे दुवे जुन्या सेवेकडेच जातात. अमेरिकेच्या २००३च्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार मेल पाठवल्यापासून किमान ३० दिवस हा दुवा चालू राहायला हवा आणि नकार दहा कामकाजी दिवसांत अमलात यायला हवा. तेव्हा जुने खाते निदान तितके दिवस उघडे ठेवावे आणि तिथे आलेले नकार नव्या यादीत नेत राहावे. जुन्या मेलांतली चित्रे आणि क्लिक मोजणारे दुवेही पुष्कळदा त्याच खात्यावर अवलंबून असतात.

उतरवलेल्या फाइली हा या कामातला सर्वांत उघडा भाग असतो. २०११ साली एप्सिलॉन या अमेरिकी मेलसेवा कंपनीच्या यंत्रणेत घुसखोरी झाली आणि अनेक बँका व दुकानसाखळ्यांच्या ग्राहकांची नावे व ई-मेल पत्ते चोरीला गेले. फसवे मेल पाठवणाऱ्याला तेवढी माहिती पुरते, कारण कोणता माणूस कोणत्या बँकेचा ग्राहक आहे हे त्याला कळते. छोट्या कार्यालयात हीच माहिती डाउनलोडच्या फोल्डरमध्ये, पेनड्राइव्हवर आणि व्हॉट्सॲपच्या गटात पडून असते. काम संपल्यावर मधल्या सर्व प्रती पुसाव्यात, जुन्या जोडण्यांच्या एपीआय चाव्या रद्द कराव्यात, एक सांकेतिक कुलूप लावलेली मूळ प्रत ठेवावी आणि जुन्या सेवेकडून माहिती कायमची काढून टाकल्याची लेखी खातरजमा घ्यावी. खाते नुसते वापरायचे थांबवले, तर माहिती सहसा तिथेच राहते.