पेबल मनगटी घड्याळ

पेबल मनगटी घड्याळ : स्मार्टफोनशी बिनतारी संपर्क राखून फोनवरील संदेश, येणाऱ्या दूरध्वनींच्या सूचना, हवामान इ. माहिती मनगटावर दाखविणारे एक स्मार्टवॉच. कॅलिफोर्नियातील (अमेरिकेची संयुक्त संस्थाने) पेबल टेक्नॉलॉजी या कंपनीने ते २०१३ मध्ये ग्राहकांच्या हाती दिले. सर्वसामान्य ग्राहकांमध्ये रुजलेल्या आद्य स्मार्टवॉचपैकी हे एक होय. डिसेंबर २०१६ मध्ये ही कंपनी बंद पडून तिची बौद्धिक मालमत्ता फिटबिट या कंपनीकडे व २०२१ मध्ये फिटबिटसह ती गूगल या कंपनीकडे गेली. या हस्तांतरांमुळे सुस्थितीतील लक्षावधी घड्याळांची उपयुक्तता धोक्यात आली. तथापि वापरणाऱ्यांनी उभारलेल्या पर्यायी व्यवस्थेमुळे ती चालू राहिली आणि २०२५ मध्ये मूळ निर्मात्याने या प्रकारच्या घड्याळांचे उत्पादन पुन्हा सुरू केले. विकत घेतलेल्या अशा वस्तूवर ग्राहकाची मालकी कितपत असते, हा प्रश्न या इतिहासातून ठळकपणे पुढे आला. भारतात याच नावाने विकल्या जाणाऱ्या घड्याळांशी प्रस्तुत कंपनीचा संबंध नाही.

उगम : कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी एरिक मिजिकोव्हस्की हा २००८ च्या सुमारास नेदर्लंड्समधील डेल्फ्ट येथे शिकत असता, सायकल चालविताना खिशातील फोन बाहेर न काढता आलेला संदेश पाहता यावा, या गरजेतून त्यास अशा घड्याळाची कल्पना सुचली. त्याने प्रथम ब्लॅकबेरी फोनसाठी इनपल्स नावाचे घड्याळ तयार केले. त्याचा खप मर्यादित राहिला. पुढील घड्याळासाठी भांडवलदारांकडून पुरेसा पैसा न मिळाल्याने किकस्टार्टर या लोकवर्गणी जमविणाऱ्या व्यवस्थेद्वारे ११ एप्रिल २०१२ रोजी ग्राहकांकडूनच आगाऊ रक्कम मागविण्यात आली. एक लाख डॉलरचे उद्दिष्ट दोन तासांतच पुरे झाले आणि १८ मेपर्यंत ६८,९२९ व्यक्तींकडून सु. १ कोटी २ लाख ६७ हजार डॉलर जमा झाले. ही रक्कम त्या व्यवस्थेतील तोपर्यंतचा उच्चांक होती. ज्यांनी घड्याळ प्रत्यक्ष पाहिलेही नव्हते, अशा लोकांच्या विश्वासावर हा उद्योग उभा राहिला, ही बाब पुढील घटना समजण्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

रचना व कार्य : पहिल्या पेबलचा पडदा कृष्णधवल असून त्यावर १४४ × १६८ चित्रबिंदू होते. हा पडदा प्रकाश परावर्तित करणारा असल्याने भर उन्हातही स्पष्ट दिसे व त्यास अत्यल्प वीज लागे. त्यामुळे एकदा विद्युत् भारित केलेली बॅटरी सु. आठवडाभर पुरे. स्पर्शसंवेदी पडद्याऐवजी चार बटणे योजलेली असल्याने घड्याळाकडे न पाहताही त्याचा उपयोग करता येई. ते जलरोधी होते आणि ब्लूटूथद्वारे अँड्रॉइड व आयफोन या दोन्ही प्रकारच्या फोनांशी जोडले जाई. २०१५ मध्ये बाजारात आलेल्या ॲपल वॉचची बॅटरी निर्मात्यांच्या अंदाजानुसार १८ तास टिके, हे लक्षात घेता पेबलच्या निर्मात्यांनी मोजक्याच गोष्टी पण दीर्घकाळ करणारे यंत्र निवडले होते, असे दिसते. घड्याळाच्या तबकड्या व लहान ॲप कोणासही तयार करता यावीत म्हणून आवश्यक ती साधने व माहिती कंपनीने खुली ठेवली. त्यायोगे हौशी आज्ञावलीकारांचा मोठा वर्ग या घड्याळाभोवती जमला व हजारो तबकड्या आणि ॲप निर्माण झाली.

प्रसार : २०१४ मध्ये पोलादी वेष्टनाचे पेबल स्टील बाजारात आले. त्या वर्षाच्या अखेरीस विकलेल्या घड्याळांची संख्या दहा लाखांवर गेली. फेब्रुवारी २०१५ मध्ये पेबल टाइम या ६४ रंगी पडद्याच्या घड्याळासाठी पुन्हा लोकवर्गणी मागविण्यात आली. तीत ७८,४७१ व्यक्तींनी २ कोटी ३ लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली. किकस्टार्टरवरील हा उच्चांक २०२२ पर्यंत अबाधित राहिला. मात्र त्याच वर्षी ॲपल कंपनीने या क्षेत्रात पदार्पण केले व ग्राहकांचा कलही व्यायाम आणि आरोग्यविषयक मोजमापांकडे झुकला. मार्च २०१६ मध्ये कंपनीने सु. एक चतुर्थांश कर्मचारी कमी केले. मे २०१६ मध्ये पेबल २, टाइम २ व कोअर या नव्या उपकरणांसाठी तिसऱ्यांदा वर्गणी घेण्यात आली. ६६,६७३ व्यक्तींकडून सु. १ कोटी २८ लाख डॉलर मिळाले. तथापि तोट्यात गेलेला व्यवसाय त्यामुळे सावरला नाही. लोकांना काय हवे आहे हे ठाऊक असलेली वस्तू सोडून, त्यांना आवडेल अशी केवळ आशा असलेल्या वस्तूकडे आपण वळलो, अशा आशयाची मीमांसा मिजिकोव्हस्की याने २०२२ मध्ये केली.

विलय : ७ डिसेंबर २०१६ रोजी पेबलने उत्पादन व विक्री थांबविल्याचे घोषित केले. फिटबिटने सु. २ कोटी ३० लाख डॉलर देऊन पेबलची सॉफ्टवेअर व अन्य बौद्धिक मालमत्ता घेतली आणि काही अभियंत्यांस नोकरी दिली. घड्याळांचे उत्पादन मात्र घेतले नाही. टाइम २ व कोअर ही उपकरणे रद्द झाली व त्यांच्या वर्गणीदारांस पैसे परत करण्याचे ठरले. विकलेल्या घड्याळांची हमी संपुष्टात आली.

घड्याळे तत्काळ बंद पडली नाहीत. पण त्यांची अनेक कार्ये कंपनीच्या सर्व्हरांवर अवलंबून होती. ॲपांचे भांडार, हवामानाची माहिती, बोललेल्या शब्दांचे लेखी संदेशात रूपांतर, इतकेच नव्हे तर नव्या फोनशी घड्याळ प्रथम जोडण्याची क्रियादेखील त्यांत मोडत असे. एप्रिल २०१७ मध्ये फोनवरील ॲपमध्ये बदल करून सर्व्हरशिवाय मूलभूत कार्ये चालतील, अशी सोय करण्यात आली. सर्व्हर अखेरीस ३० जून २०१८ रोजी बंद झाले. ज्या घड्याळाचे एकही चाक वा तार बिघडलेली नव्हती, ते दूरच्या एका निर्णयाने अर्धे निरुपयोगी ठरले, याचा ग्राहकांस विशेष विषाद वाटला.

फिटबिट व गूगल : २००७ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे स्थापन झालेली फिटबिट ही कंपनी पावले, झोप व हृद्गती मोजणाऱ्या पट्ट्यांसाठी प्रसिद्ध होती. पेबलनंतर तिने आयोनिक (२०१७) व व्हर्सा (२०१८) ही स्मार्टवॉच काढली. १ नोव्हेंबर २०१९ रोजी गूगलने सु. २१० कोटी डॉलरला फिटबिट विकत घेण्याचा करार जाहीर केला. कोट्यवधी लोकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीच्या हाती जाईल, या भीतीने त्यास विरोध झाला. ही माहिती यूरोपातील ग्राहकांस जाहिराती दाखविण्यासाठी दहा वर्षे वापरू नये, या व अन्य अटींवर यूरोपीय आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये संमती दिली आणि १४ जानेवारी २०२१ रोजी व्यवहार पूर्ण झाला.

यानंतर फिटबिटच्या घड्याळांतील सोयी एकेक करून घटत गेल्या. २०२२ मध्ये आलेल्या व्हर्सा ४ व सेन्स २ यांवर बाहेरच्या निर्मात्यांची ॲप घेता येईनात. आधीच्या आवृत्तीत असलेला गूगलचाच ध्वनिसाहाय्यक त्यांत नव्हता. मार्च २०२३ मध्ये मित्रांबरोबर चालण्याच्या स्पर्धा व खुले गट या लोकप्रिय सोयी काढून टाकण्यात आल्या. त्याच वर्षापासून नव्या ग्राहकांस गूगलचे खाते बंधनकारक झाले आणि अनेक देशांतील विक्री थांबविण्यात आली. जानेवारी २०२४ मध्ये जेम्स पार्क व एरिक फ्रीडमन हे संस्थापक कंपनी सोडून गेले. गूगलने स्मार्टवॉचच्या क्षेत्रात स्वतःच्या पिक्सेल वॉचवर भर दिला.

अशीच अन्य उदाहरणे आढळतात. इंटेलने २०१४ मध्ये बेसिस ही कंपनी घेतली. परंतु अतितापनाच्या तक्रारींमुळे तिचे पीक हे घड्याळ २०१६ मध्ये परत मागविले गेले व वर्षअखेरीस तिच्या सेवा बंद झाल्या. फ्रान्समधील विदिंग्ज ही कंपनी २०१६ मध्ये नोकियाने घेतली. ती २०१८ मध्ये एरिक कॅरेल या तिच्या सहसंस्थापकाने परत घेतल्यावर तिचा स्वतंत्र व्यवसाय पुन्हा सुरू झाला. विलीनीकरणाचा शेवट नेहमीच लोप पावण्यात होत नाही, हे यावरून दिसते.

पर्याय : पेबल बंद होताच वापरणाऱ्यांनी व काही माजी कर्मचाऱ्यांनी रीबल ही संघटना उभारली. तिने ॲपांचे भांडार जतन केले व जून २०१८ पासून पर्यायी सर्व्हर चालविले. हवामान व ध्वनिलेखन यांसाठी अल्प मासिक वर्गणी ठेवून खर्च भागविण्यात आला. गॅजेटब्रिज हे खुले ॲप निर्मात्याच्या सर्व्हरशी संपर्क न साधता निरनिराळी घड्याळे अँड्रॉइड फोनशी जोडते आणि माहिती फोनमध्येच ठेवते. त्याचा आरंभही पेबलसाठीच झाला होता. पाइनटाइम व बँगल.जेएस ही घड्याळे खुल्या सॉफ्टवेअरवर चालतात. त्यांत कोणासही बदल करता येतो. आरोग्यविषयक मोजमापांची अचूकता, घड्याळाद्वारे पैसे देण्याची सोय इ. बाबतींत मात्र अशी घड्याळे मोठ्या कंपन्यांच्या घड्याळांहून उणी पडतात. ज्यांना तयार व पूर्ण वस्तू हवी असते, असे ग्राहक गार्मिनसारख्या स्वतंत्र कंपन्यांकडे वळतात. मात्र तेथेही विसंबणे टळत नाही, केवळ विसंबण्याचे ठिकाण बदलते.

पुनरुज्जीवन : २७ जानेवारी २०२५ रोजी गूगलने पेबलच्या कार्यकारी प्रणालीची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. तीतून अन्य कंपन्यांच्या मालकीचे काही भाग वगळलेले होते. मिजिकोव्हस्की याने कोअर डिव्हायसेस ही लहान कंपनी काढून मार्चमध्ये दोन नवी घड्याळे जाहीर केली. जुलैमध्ये पेबल हे नावही त्यास परत मिळाले व पेबल २ डुओ हे घड्याळ ग्राहकांकडे जाऊ लागले. तथापि आयफोनवरून आलेल्या संदेशांस अशा घड्याळांतून उत्तर देण्यावर ॲपलची बंधने कायम होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ॲपांच्या जतन केलेल्या भांडारावर अधिकार कोणाचा, यावरून रीबल व नवी कंपनी यांच्यात जाहीर वाद झाला. त्याच महिन्यात कंपनीने आपले सॉफ्टवेअर संपूर्णतः खुले केले; कंपनी उद्या राहिली नाही तरी घड्याळ चालावे, हा त्यामागील एक हेतू होता.

मूल्यमापन : पेबल बंद पडले त्याच वर्षी, जानेवारी २०१६ मध्ये, भारत सरकारने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास संमती दिली. त्या कंपनीची चावीची घड्याळे त्यानंतरही अनेक घरांत चालू राहिली. कारण त्यांची रचना घड्याळजींस अवगत होती व सुटे भाग मिळविता येत होते. त्यांना कारखान्याशी रोज संपर्क ठेवण्याचे कारण नव्हते [→ घड्याळ]. स्मार्टवॉचच्या बाबतीत ग्राहक वस्तू विकत घेतो, परंतु तिचा जीव असलेली सेवा निर्मात्याकडेच राहते व कंपनीबरोबर तीही विकली जाते. पेबल यास अपवाद ठरले, ते त्याच्या निर्मात्यांनी आरंभापासून राखलेल्या मोकळेपणामुळे आणि वापरणाऱ्यांच्या सामूहिक श्रमांमुळे. मूळ आज्ञावली खुली होण्यापूर्वी सु. साडेसहा वर्षे ही घड्याळे प्रामुख्याने त्या श्रमांवरच चालली.