उजव्या गालावर तीळ

शाळेच्या फॉर्मपासून नोकरीच्या अर्जापर्यंत 'आयडेंटिफिकेशन मार्क' असा एक रकाना भेटतोच. आपण त्यात "उजव्या गालावर तीळ" लिहून मोकळे होतो. मराठीत त्याला ओळखखूण म्हणतात. पण इंग्रजीतल्या 'मार्क'चे दोन अर्थ आहेत: अंगावर आधीपासून असलेली खूण, आणि कुणीतरी मुद्दाम केलेली खूण. कंपनी सरकारच्या कागदांत हे दोन्ही शेजारी-शेजारी सापडतात.

आधी दुसरा घेऊ. १७९७ मध्ये बंगालमध्ये नियम झाला की काही कैद्यांच्या कपाळावर गुन्ह्याची नोंद गोंदायची. कागदपत्रांत याला 'गोदना' म्हटलंय, म्हणजे आपलं गोंदणच! आपल्याकडे आजीच्या हातावर हौसेनं असायचं, तेच इथे शिक्षा झालं. कैदी मग केस वाढवून किंवा पागोटं खाली ओढून ते झाकायचे. १८४९ मध्ये ही पद्धत बंद केली.

पहिला अर्थ दिसतो मॉरिशसला धाडलेल्या कैद्यांच्या याद्यांत. १८१५ ते १८३७ या काळात तिकडे साधारण दीड हजार कैदी गेले, त्यात मुंबई इलाख्यातलेही होते. नाव, जात, उंची आणि मग खुणा: देवीचे वण, जखमेचा व्रण, टोचलेले कान. वाचताना वाटतं, त्या माणसाचं एवढंच वर्णन कुठेतरी उरलंय.

पण देवीचे वण कुणाला नव्हते? अशा खुणांनी माणूस पक्का होईना. १८५८ मध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं जंगीपूरला राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा ब्युरो निघाला. ठशांच्या वर्गीकरणाचं बरंचसं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं. नाव मात्र त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं लागलं.

यातला सगळ्यात वाईट भाग आपल्या जवळचा आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये नव्यानं आला आणि मुंबई इलाख्यालाही लागू करता येऊ लागला. नोंदवलेल्या जमातीतल्या माणसाचे ठसे घ्यायची मुभा त्यात होती, त्यानं स्वतः काही गुन्हा केलेला असो वा नसो. पारधी म्हणून जन्मणं हीच ओळखखूण! सोलापुरात तर अशा जमातींसाठी कुंपण घातलेली वसाहतच होती, आत हजेरी चालायची. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.