पालकाचे वार्षिक उत्पन्न

शिष्यवृत्तीच्या अर्जातले बहुतेक रकाने मुलं स्वतःच भरतात. नाव, जन्मतारीख, बारावीचे गुण. मग एक रकाना येतो आणि आतल्या खोलीतून हाक येते, "आई, आपलं वार्षिक उत्पन्न किती?"

माझ्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा ही हाक आमच्याही घरात आली. माझा पगार आहे, नवऱ्याचं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. पगाराचा कागद असतो. दुकानाची फक्त वही असते, आणि तीही सणासुदीला भरायची राहून जाते. अर्जाला मात्र चालतो तो एकच आकडा, तहसीलदारांच्या सहीचा. तो दाखला मिळवताना सेतू केंद्राच्या बाकावर बराच वेळ गेला, आणि तिथेच मला प्रश्न पडला की हा रकाना अर्जात आला कधी? त्याच्या आधी मुलाला शिकवू पाहणारे गरीब आईबाप कुणापुढे काय मांडायचे?

एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात शिकायला आलेला गरीब ब्राह्मण मुलगा वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणी माधुकरी मागायचा. आजच्या भाषेत ही खानावळीची शिष्यवृत्तीच. तिला दाखला लागत नसे, ओळख लागे, आणि ती ओळख जातीच्या आतच चाले. शिंप्याच्या, कुणब्याच्या, महाराच्या मुलासाठी असे वार लावणारी घरं पुण्यात नव्हती.

सरकारी शिष्यवृत्त्या होत्या, पण त्या परीक्षेतल्या गुणांवर मिळत. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. चढाओढीच्या परीक्षेवर शिष्यवृत्ती देणं दिसायला न्याय्य आहे, पण त्यामुळे खालच्या वर्गांत शिक्षण पसरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्या समाजांत शिक्षण पोचलेलंच नाही, त्यांच्यासाठी निम्म्या शिष्यवृत्त्या राखाव्यात अशी सूचना त्यांनी केली. हुशार कोण हे विचारण्याआधी कुणाच्या घरात दिवा आहे हे विचारा, असा त्याचा अर्थ मी लावते.

फुल्यांचं म्हणणं किती खरं होतं, हे पुढच्या पिढीतल्या एका बापाकडे पाहिलं की कळतं. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाले होते आणि मुंबईत परळच्या चाळीत राहत होते. घर पेन्शनवर चालायचं. धाकट्या भीमरावाला पुस्तकांचा ध्यास. पुस्तक घ्यायला पैसे नसले की सुभेदार लग्न झालेल्या लेकींकडे जात. उसने पैसे मिळाले तर ठीक, नाहीतर लेकीचा एखादा दागिना घेऊन तो मारवाड्याकडे गहाण ठेवत. पेन्शन आली की सोडवून परत नेऊन देत. बाबासाहेबांच्या चरित्रात ही आठवण आहे. तिथे बापाच्या चिकाटीबरोबर मला त्या बहिणीही दिसतात. त्यांच्या दागिन्यांवर भाऊ शिकला, पण कुठल्याही अर्जात त्या दागिन्यांचा रकाना नव्हता.

इंटरनंतर दागिनेही पुरेनात. तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर मदतीला आले. शिक्षक, लेखक. त्यांनी या मुलासाठी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला, महाराजांनी मुलाला भेटीला बोलावलं आणि महिना २५ रुपये सुरू झाले. १९१३ साली बडोदा संस्थानानेच त्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात करार होता, शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानची चाकरी. रामजी सुभेदार हा करार पाहायला नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत ते वारले होते.

सयाजीराव काळाच्या पुढचे राजे होते, यात शंका नाही. पण ही व्यवस्था एका राजाच्या मर्जीवर आणि एका केळुसकरांच्या ओळखीवर उभी होती. परळच्या त्याच चाळीत दुसरा एखादा हुशार मुलगा असेल, तर त्याच्यासाठी शब्द टाकणारं कोण होतं? स्वतः आंबेडकरांनाही १९२० मध्ये लंडनला परत जाताना नोकरीतली शिल्लक आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज यांची मोट बांधावी लागली.

याच काळात कोल्हापूर आणि साताऱ्याकडे वेगळा प्रयोग चालू होता. शाहू महाराजांनी एकेका मुलाला पैसे देण्यापेक्षा राहण्या-जेवणाची सोय करायचं ठरवलं. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग निघालं, पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहं झाली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. खेड्यातल्या बापाचं खरं कोडं महाराजांनी ओळखलं होतं. फी एकवेळ जमवता येते, पण शहरात पोराने राहायचं कुठे आणि खायचं काय?

भाऊराव पाटलांनी पुढची पायरी गाठली. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील असं वसतिगृह निघालं. पालकाकडे पैसे नाहीत? मग मूठभर धान्य द्या. तेही नाही? मग मुलगा काम करेल आणि शिकेल. इथे आईबापाला गरिबी सिद्ध करावी लागत नव्हती, कारण देणारेही बहुतेक तसेच होते. पण वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. पुन्हा सोनं, पुन्हा एक बाई.

मग १९४२ साल आलं. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांनी अस्पृश्य वर्गाच्या तक्रारींचं निवेदन लॉर्ड लिनलिथगो यांना दिलं. शिक्षणाबाबत त्यांचा युक्तिवाद सरळ होता. अलीगढ आणि बनारस या विद्यापीठांना सरकार दरवर्षी लाखांनी अनुदान देतं, तर आमच्या मुलांच्या उच्च शिक्षणासाठी का नाही? वर्षाला ३ लाख रुपये मंजूर झाले आणि १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. ती आजही चालू आहे.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला मोठा बदल हाच. ज्या मुलासाठी कुणीतरी राजाकडे शब्द टाकला होता, त्याच मुलाने मोठा होऊन ती मदत सरकारी अंदाजपत्रकात बसवली. आता ओळख लागणार नव्हती. अर्ज पुरणार होता.

आपला रकाना ठळक झाला तो यानंतर. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असतानाच्या काळात राज्याने ईबीसी सवलत आणली. आर्थिकदृष्ट्या मागास, मग जात कोणतीही असो. पालकाचं उत्पन्न वर्षाला १२०० रुपयांच्या आत असेल, तर मुलाची फी माफ. महिन्याला १०० रुपये. त्या काळात खेड्यातली कितीतरी घरं या रेषेच्या आत बसत होती. साठ-सत्तरच्या दशकांत कॉलेजात गेलेल्या कुणालाही विचारा. 'ईबीसीवर शिकलो' हे वाक्य तुम्हाला तुमच्या आजोबांकडूनही ऐकायला मिळेल.

रेषा आली की दाखला आला. शेतकऱ्याला पगारपत्रक नसतं. मग तलाठ्याचा अहवाल, त्यावर तहसीलदाराची सही. पाऊस चांगला झाला तर एक आकडा, नाही झाला तर दुसरा. मदत हक्काची झाली, हे खरं. पण हक्क मागायचा तर आपण किती कमी कमावतो हे बापाने दरवर्षी लिहून द्यायचं, तेही गावातल्या ओळखीच्या माणसासमोर. वार लावणाऱ्या मुलाला जे दारोदार करावं लागे, त्यातलं थोडं आता आईबापाच्या वाट्याला आलं.

आज ही रेषा बऱ्याच योजनांसाठी ८ लाखांवर आहे. खुल्या प्रवर्गासाठीच्या ईबीसी सवलतीला आता राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे आणि तीत शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलतं. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी मर्यादा अडीच लाखांची. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं. ज्या बहिणींच्या दागिन्यांवर भाऊ शिकले, त्यांच्या पणत्यांपर्यंत हे पैसे पोचायला शंभर वर्षं लागली. पण पोचले.

अर्ज आता महाडीबीटी पोर्टलवर भरायचा. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात आणि दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. शुल्क माफ झालं तरी खोली, खानावळ, लॅपटॉप राहतातच. त्यासाठी शैक्षणिक कर्ज घ्यायचं, तर तिथेही पालकच सहकर्जदार. ४ लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, पण सही मागते. शाहू महाराजांनी ओळखलेलं कोडं, पोराने राहायचं कुठे आणि खायचं काय, अजून आईबापाच्याच अंगावर आहे.

तुम्ही आत्ता कॉलेजात असाल, तर माझं एवढंच सांगणं आहे. दाखला आणायला आई किंवा बाबा अर्धा दिवस रजा टाकून जातात तेव्हा ते कुणाची मेहेरबानी मागायला जात नाहीत. त्या रांगेमागे फुल्यांचं निवेदन आहे, १९४२ चा युक्तिवाद आहे. आईबापांना हे कुणीतरी सांगायला हवं, कारण खिडकीपलीकडचा माणूस सांगत नाही.

आणि आणखी एक. अर्ज पुरतो खरा, पण तो भरता यायला हवा. ज्या घरातलं पहिलंच मूल कॉलेजात जातंय, तिथे कोणती योजना लागू होते, आधार कुठल्या खात्याला जोडलंय, मुदत कधी संपते, हे सांगणारं कुणी नसतं. ते घर रेषेच्या आत असूनही बाहेर राहतं. तिथे आजही एखादा केळुसकर लागतो. तुमच्या हातात फोन आहे आणि स्वतःचा अर्ज तुम्ही एकदा भरला आहे. शेजारच्या मुलीचा अर्ज भरून द्यायला एक संध्याकाळ लागेल. मुदत संपायच्या आत तिच्या घरी जाऊन या.